राडारोडा उचलायची एवढी घाई कशाला?

काही वर्षांपूर्वी आमच्या स्टेशनच्या पलीकडे एक चार मजली बिल्डिंग पडली. नाव-गाव सांगत नाही, केस अजून चालू आहे. मी चौथ्या दिवशी तिकडून जात होतो, शेवटची बॉडी आदल्या रात्री निघाली होती, एनडीआरएफवाले सामान आवरून गेलेले आणि जेसीबी लावून डंपर भरायचं काम सुरू होतं. एका कोपऱ्यात दोन भंगारवाले घणाने काँक्रीट फोडून सळया काढत होते, मोळ्या बांधत होते. त्यातला एक तुकडा, बहुतेक कॉलमचा, माझ्या पायाशी येऊन पडला. सळई जिथे अंगठ्याएवढी असायला हवी तिथे करंगळीहून बारीक झालेली, आणि भोवतीच्या रिंगला नुसतं बोट लावलं तर गंजाचा पापुद्राच हातात आला. तिथल्या एका कामगाराला विचारलं हे सगळं कुठे नेताय, तर म्हणाला खाडीकडे भराव चाललाय ना, तिथे. म्हटलं हे कोणी तपासणार नाही का? "पंचनामा झालाय ना दादा."

पंचनाम्यात काय असतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीय. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला नाला, मध्ये पडलेली इमारत, अमुक मृतदेह, खाली पंचांच्या सह्या. काँक्रीट कसं होतं, पहिला कुठला कॉलम गेला, तीस वर्षं उभी राहिलेली बिल्डिंग त्याच दिवशी का बसली, हे पंचांना कळायचं काही कारण नाही आणि त्यांना कोणी विचारतही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पडलेल्या इमारतीचा राडारोडा हाच तिचा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार असतो, आणि आपण त्या साक्षीदाराला चार दिवसांत खाडीत बुडवतो, मग पुढची दहा वर्षं कोर्टात बसून विचारत राहतो की नक्की झालं काय होतं.

ही चूक फक्त आपणच करतो असंही नाही. अमेरिकेने तर केवढी मोठी केली. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे टॉवर पडले आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांचं बरंचसं पोलाद भंगारात गेलं, अहो त्यातलं काही जहाजात भरून आपल्या चेन्नईलासुद्धा आलं. इंजिनीयर लोक भंगाराच्या यार्डात जाऊन, कटर लागायच्या आधी, हा तुकडा ठेवा तो ठेवा म्हणून खुणा करत फिरत होते. शेवटी सरकारी तपासणाऱ्यांच्या, म्हणजे तिथल्या निस्ट नावाच्या संस्थेच्या हाती २३६ तुकडे लागले. एवढ्या प्रचंड दोन टॉवरांचे २३६! लोक भडकले, संसदेत सुनावणी झाली, तपासाला गेलेल्या इंजिनीयरांना नकाशेसुद्धा वेळेवर मिळाले नाहीत हे तिथे बाहेर आलं, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये त्यांनी त्यासाठी वेगळा कायदाच केला. इमारत पडून बरीच माणसं मेली की निस्टचं पथक जाऊ शकतं, त्यांना जागेवर शिरायचा अधिकार, पुरावा ताब्यात घ्यायचा आणि जपून ठेवायचा अधिकार. आणि त्यातली एक गंमत म्हणजे त्यांच्या रिपोर्टचा कागद नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. हे वाचून मी आधी चक्रावलो, त्याच्याकडे नंतर येतो.

त्या कायद्याचा फरक दिसला तो २०२१ ला. फ्लोरिडात सर्फसाईड नावाच्या गावी समुद्रकाठची १२ मजली चॅम्पलेन टॉवर्स साऊथ २४ जूनच्या रात्री बसली, ९८ माणसं गेली. या वेळी कोणी भंगारवाला आत आला नाही. महत्त्वाच्या तुकड्यांवर नंबर टाकले, सहाशेच्या आसपास नमुने गोदामात नेऊन ठेवले, त्यांच्यावर चाचण्या केल्या. त्यातून जे बाहेर येतंय ते वाचण्यासारखं आहे. आधी स्विमिंग पूलच्या बाजूचा डेक खाली बसला आणि मग टॉवर. त्या डेकचं डिझाईनच मुळात तेव्हाच्या कोडपेक्षा, म्हणजे बांधकामाच्या नियमांपेक्षा, कमी ताकदीचं होतं, म्हणजे १९८१ मध्ये बांधला त्या दिवसापासूनच तो कसाबसा तग धरून होता, आणि त्याच्यावर मूळ डिझाईनमध्ये नसलेल्या मातीने भरलेल्या जड कुंड्या. आपल्याकडे असती तर दुसऱ्या दिवशी ठरलं असतं: खारी हवा, गंज, सोसायटीने मेंटेनन्स केला नाही, सेक्रेटरीला उचला. (मी सेक्रेटरी आहे म्हणून जरा जास्त लागतं.)

आता कोणी म्हणेल हे सगळं इंजिनीयरांचं अभ्यासाचं कौतुक झालं, सामान्य माणसाला त्याचा काय उपयोग. तर एक जुनी गोष्ट सांगतो. १७ जुलै १९८१, कॅन्सस सिटी, हयात रीजन्सी हॉटेल. लॉबीच्या वर छताला सळयांनी टांगलेले पायपूल होते, चौथ्या मजल्याचा एक आणि बरोबर त्याच्या खाली दुसऱ्या मजल्याचा. खाली नाचाचा कार्यक्रम चालू होता, दोन्ही पूल खाली आले, ११४ माणसं मेली. मूळ नकाशात काय होतं, तर छतापासून एकच लांब सळई वरच्या पुलातून आरपार खालच्या पुलापर्यंत जाणार, दोन्ही पूल तिला आपापल्या नटावर टेकणार. ती एवढी लांब आटे पाडलेली सळई बसवणं कटकटीचं, म्हणून बनवताना एकाच्या दोन केल्या. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर बघितलं तर काही फरक वाटत नाही. पण विहिरीत सोडलेल्या एका दोराला दोन माणसं आपापल्या हातांनी धरून लटकली, आणि वरच्याने दोर धरलाय न् खालच्याने वरच्याचे पाय धरलेत, यात फरक आहे की नाही? दोराला वजन तेवढंच, पण वरच्याच्या हाताला दुप्पट. वरच्या पुलाच्या तुळईखालचा नट तसाच तुळई फाडून बाहेर आला. तुकडे समोर होते म्हणून हे कळलं, वाकलेला पत्रा आणि फाटलेलं भोक बघून कळलं. आणि तपासात हेही निघालं की मूळचा एका सळईचा जोडसुद्धा कोडला पुरा पडत नव्हताच.

मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या रिपेअरचा सुपरवायझर आठवला. "साहेब तसं नाही बसत, असं करून टाकतो." आणि कोणीतरी म्हणतं, कर. आपल्या प्रत्येक साईटवर दिवसातून दहा वेळा हे वाक्य ऐकू येतं. त्या दहातलं कुठलं एक जीव घेणारं आहे हे कळायला आधी कधीतरी, कुठेतरी, कोणीतरी पडलेलं नीट वाचलेलं असावं लागतं.

आपल्याकडचा हिशेब बघा. २७ सप्टेंबर २०१३, माझगावची बाबू गेनू मार्केटची इमारत, महापालिकेचीच, राहणारेही तिचेच कर्मचारी, ६१ मृत्यू, तळमजल्यावरच्या गाळ्यात केलेल्या बदलांचा विषय निघाला. २५ जुलै २०१७, घाटकोपरची सिद्धी साई, १७ मृत्यू, तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं, त्यात खांबांना हात लावला असा आरोप. मध्ये चार वर्षं. दोन्हीकडे तळमजला. बाबू गेनूचा सोप्या मराठीत, चित्रं काढून, कुठली भिंत कशी काढल्यावर वजन कुठून कुठे गेलं हे दाखवणारा वीस पानी रिपोर्ट जर मुंबईतल्या प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आला असता तर घाटकोपर टळलं असतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण वरच्या मजल्यावरच्या एखाद्याने तो हातोड्याचा आवाज ऐकून खाली जाऊन भांडण तरी केलं असतं.

आगीचं तर याहून वाईट. २०२१ या एकाच वर्षात ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग, १० बाळं गेली. २३ एप्रिलला विरारला आयसीयूत आग, १५ पेशंट. ६ नोव्हेंबरला नगरच्या सिव्हिलमध्ये परत आयसीयू, परत आग, ११. भंडाऱ्यानंतर राज्यभरच्या हॉस्पिटलांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले, चौकशी समिती बसली, मुख्य मुद्दे मंत्र्यांनी सांगितले, आणि गुन्हा कोणावर दाखल झाला तर दोन नर्सेसवर. नगरला अटक कोणाला, डॉक्टर आणि नर्सेसना. ड्युटीवर होते ना! आता बंद आयसीयूत ऑक्सिजन चोवीस तास सुरू असताना तिथली हवा किती पेटती होते, एसी किती तास सलग चालला तर वायरिंगचं काय होतं, धूर पहिल्या दोन मिनिटांत कुठे भरतो, हे त्या नर्सने ठरवलेलं नसतं. तिला ते कोणी सांगितलेलंही नसतं.

याच्या उलट अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या 'द स्टेशन' नाईटक्लबची आग, २० फेब्रुवारी २००३, १०० मृत्यू. स्टेजवरच्या फटाक्यांनी भिंतीचा फोम पेटला. तिथे निस्टवाल्यांनी काय केलं, तर लॅबमध्ये ते स्टेज आणि त्याच्या बाजूचा भाग तसाच परत बांधला, तसाच फोम लावला आणि परत पेटवला, एकदा स्प्रिंकलरशिवाय आणि एकदा स्प्रिंकलर लावून. स्प्रिंकलरशिवाय दीड मिनिटाच्या आसपास आत माणूस जगणार नाही अशी परिस्थिती, स्प्रिंकलर असेल तर जगेल. संपला वाद. कुठल्याही बारमालकाला दाखवा, त्यालाही कळेल. आणि आपल्याकडे? २९ डिसेंबर २०१७ कमला मिल, १४ मृत्यू, त्यातले बरेच जण बाहेर पडायचा रस्ता न सापडल्याने टॉयलेटमध्ये गुदमरून गेले. डिसेंबर २०२५, गोव्यात हडफड्याचा नाईटक्लब, २५ मृत्यू. मालकांना परदेशातून पकडून आणल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले. बरोबरच आहे, आणायलाच हवे होते. पण धूर किती सेकंदांत कुठे पोचला याचा व्हिडिओ कोणी बघितला?

यावर माझ्या ओळखीतला एक वकील नेहमी म्हणतो की अरे आपल्याकडे चौकशी कसली करतोस, सगळं उघड असतं, बांधकाम बेकायदा, पैसे खाल्ले, विषय संपला. मुंब्र्याजवळची लकी कंपाऊंड, ४ एप्रिल २०१३, ७४ मृत्यू, परवानगीचा पत्ता नाही आणि आठवा मजला चढत होता, तिथे निस्ट आणून काय करणार? हा मुद्दा मला खरंच जड वाटतो, कारण आपले बरेच मृत्यू अशाच इमारतींत होतात. पण दोन गोष्टी. एक म्हणजे सगळंच बेकायदा नसतं, बाबू गेनू महापालिकेचं होतं, भंडारा सरकारी, आणि सीएसएमटीचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ ला पडला तेव्हा तर त्याचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं आणि किरकोळ दुरुस्ती सांगून पूल वापरण्याजोगा ठरवलेला होता. सात माणसं गेली. ऑडिटरला अटक झाली. पण ऑडिटमध्ये नक्की काय बघितलं जातं आणि काय झाकलेलं राहतं, हा त्या घटनेतला खरा धडा किती इंजिनीयरांपर्यंत पोचला? दुसरं म्हणजे बेकायदा इमारत एकटी नसते. तोच ठेकेदार, तीच वाळू, तोच घाईचा स्लॅब आजूबाजूच्या दहा ठिकाणी असतो आणि त्यात माणसं राहत असतात. पडलेलीच्या काँक्रीटची खरी ताकद आज कळली तर उद्या त्या दहातल्या कुठल्या तीन आधी रिकाम्या करायच्या हे ठरवता येईल. सगळ्याच बेकायदा म्हणून नोटीस चिकटवली की लोक हलत नाहीत, कुठे जाणार.

आणि हे सगळं काही परदेशीच आहे असं नाही बरं का. आपल्याकडे विमान पडलं की एएआयबी, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था येते, २०१२ पासून आहे, अहमदाबादला १२ जून २०२५ ला विमान पडलं आणि एका महिन्यात प्राथमिक रिपोर्ट लोकांसमोर होता, तो पटो न पटो, वाचायला तर मिळाला. रेल्वेला कमिशनर ऑफ रेल्वे सेफ्टी असतो आणि तो मुद्दाम रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली ठेवलेला नाही, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे, म्हणजे रेल्वेने स्वतःचीच चौकशी करू नये हे आपल्याला फार आधीच कळलेलं आहे. मग घराचं काय? विमानात आपण वर्षातून दोनदा बसतो, घरात रोज झोपतो. आणि इथे मात्र ज्या महापालिकेने परवानगी दिली किंवा डोळेझाक केली तिचेच अधिकारी चौकशी समितीवर.

आता तो कोर्टाचा मुद्दा. रिपोर्ट दाव्यात वापरता येणार नाही म्हणजे चोर सोडून द्यायचे का? मलाही आधी तसंच वाटलं. पण विचार करा, ज्या साईट इंजिनीयरला माहितीय की त्या कॉलमची रिंग निम्मी टाकली होती, तो बोलेल कधी, तर आपलं बोलणं आपल्याच गळ्यात येणार नाही याची खात्री असेल तेव्हा. पोलिसांनी त्यांचं काम करावंच, आयपीसी होती आता बीएनएस आहे, लावा कलमं. पण कारण शोधणारं पथक वेगळं, त्यांना दिलेली जबानी वेगळी, आणि राडारोड्याचे तुकडे दोघांनाही खुले. ब्रिटनमध्ये तर २००५ पासून क्रॉस नावाची व्यवस्था आहे, जिथे इंजिनीयर स्वतःचं नाव गुप्त ठेवून "आमच्याकडे हे असं घडता घडता वाचलं" असं कळवू शकतात आणि ते नावं काढून सगळ्यांसाठी छापलं जातं. आपल्याकडे असं काही सुरू झालं तर पहिल्या महिन्यात सर्व्हर बसेल.

खरं तर आपण हे एकदा केलेलं आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप एवढाही राक्षसी नव्हता, पण घरं बघा कशी: दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर माळवद, त्या माळवदावर फूट-दोन फूट माती, उन्हाळ्यात गार राहावं म्हणून दरवर्षी थोडी थोडी टाकलेली. इंजिनीयर गावोगाव ढिगारे बघत फिरले तेव्हा दिसलं की भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधणारा आरपार लांब दगडच नाही, मध्ये नुसती भर, म्हणून भिंत फुगून दोन पाळ्यांत उकलली आणि वरची माती माणसांवर. त्यातून सूचना निघाल्या, आरपार दगड घाला, दारं-खिडक्यांच्या वर लिंटेलला काँक्रीटचा पट्टा फिरवा, माळवदाचं वजन उतरवा, गवंड्यांना शिकवलं, बावन्न गावं नव्या जागी बसवली. म्हणजे येतं आपल्याला. मोरबीचा पूल पडला २०२२ ला, १३५ मृत्यू, तेव्हा एसआयटीने केबल उघडून बघितली आणि ४९ पैकी २२ तारा गंजलेल्या होत्या, त्या बहुधा आधीच तुटल्या असाव्यात असं सांगितलं. तुकडा हातात घेतला की असं बोलता येतं.

मला फार मोठं खातं नकोय. राज्यात आयआयटी आहे, व्हीजेटीआय आहे, सीओईपी आहे, व्हीएनआयटी आहे. आठ-दहा पूर्णवेळ माणसं, अचानक जायची मुभा, शोधकार्य संपल्यावर त्यांच्या सहीशिवाय एक डंपर हलणार नाही असा नियम, राडारोडा ठेवायला एक कुंपण घातलेलं यार्ड, आणि बारा महिन्यांत मराठीत रिपोर्ट. बारा महिने म्हणतोय कारण परदेशातलेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. निस्टने त्या कायद्याखाली हाती घेतलेली सर्फसाईड ही जेमतेम पाचवी चौकशी, आणि ती वर्षानुवर्षं चालली, फ्लोरिडाने तर वाट न बघता २०२२ लाच जुन्या इमारतींच्या तपासणीचा आणि राखीव निधीचा, म्हणजे आपल्या सिंकिंग फंडासारखा, कायदा करून टाकला. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ च्या जूनमध्ये आग लागून ७२ माणसं गेली, अंतिम रिपोर्ट आला सप्टेंबर २०२४ ला. रिपोर्ट जबरदस्त, कोण कसं खोटं बोललं ते सगळं त्यात, पण सात वर्षं लागली, आणि खटल्यांचं काय तर पोलीस रिपोर्टची वाट बघत होते. ते इकडे आणलं तर आपण सात वर्षांची सतरा करू.

एक गोष्ट मात्र लंडनचीच घ्यावीशी वाटते. रोनन पॉईंट, २२ मजले, १६ मे १९६८, उद्घाटनाला दोन महिने. अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखा एक अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत गेला, चार मृत्यू. एका ठिकाणचं नुकसान अख्ख्या इमारतीला खाली आणू नये हा नियम ब्रिटनच्या बांधकाम कायद्यात त्यानंतर आला. इमारत दुरुस्त करून लोक परत राहायला गेले. १९८६ ला ती पाडायची ठरली तेव्हा ती धाडकन पाडली नाही, एकेक मजला सुटा करून उतरवली, सांधे बघत बघत. आणि त्या सांध्यांत, जिथे मसाला भरलेला असायला हवा होता, तिथे निघाले वर्तमानपत्रांचे बोळे.

हे मी गेल्या वर्षी वाचलं. यंदा एप्रिलमध्ये आमच्या बिल्डिंगचं रिपेअर काढलं, १९८८ ची आहे, ऑडिटरने हातोडी लावून सी-टू-बी, म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करण्याजोगी, असं दिलेलं. स्टिल्टमधल्या एका कॉलमचं प्लास्टर पोकळ वाजत होतं म्हणून मिस्त्रीने छिन्नी लावली, बीम जिथे कॉलमला मिळतो बरोबर तिथे, आणि आतून काँक्रीटऐवजी गोणपाट बाहेर आलं. सिमेंटच्या गोणीचा तुकडा, घडी घालून कोंबलेला, वरून प्लास्टर. सदतीस-अडतीस वर्षं तो तिथे होता आणि आम्ही खाली स्कूटर लावत होतो. मिस्त्री म्हणाला, "काढतो आणि ग्राऊट मारतो, टेन्शन नका घेऊ." मी म्हटलं थांब, फोटो काढू दे. काढला, मोजपट्टी लावून काढला.

त्याच बिल्डरने आमच्याच गल्लीत त्या दोन-तीन वर्षांत अजून चार बिल्डिंगी बांधल्यात. फोटो पाठवायचा कोणाला? वॉर्ड ऑफिसला गेलो तर विचारलं, तुमची तक्रार काय आहे, कोणाविरुद्ध आहे. म्हटलं कोणाविरुद्ध नाही हो, बिल्डर वारला, माहिती द्यायचीय. त्याला फॉर्म नव्हता. मग चारही सोसायट्यांच्या सेक्रेटरींना व्हॉट्सअपवर पाठवला. दोघांनी बघितला नाही अजून, एकाने हात जोडलेले पाठवले. चौथे, सत्तरीचे काका, घरी आले, फोटो मोठा करून खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, आमच्याकडेही त्या कोपऱ्यात टकटक केलं की असाच आवाज येतो, पण उघडून बघायचं म्हणजे जनरल बॉडी घ्यावी लागेल, आणि आमच्याकडे दोन वर्षं कोरम झालेला नाही.